दीड मिलिमीटर

गॅरेजमधल्या पोरानं हाक मारली तेव्हा माझ्या हातात चहाचा कागदी कप होता. टायमिंग बेल्ट बदलायला गाडी दिली होती. पुली, कव्हर, खालचं दातेरी चाक असं सगळं उतरवून झालं होतं आणि त्याला मला काहीतरी दाखवायचं होतं. "मॅडम, हे बघा." त्यानं टॉर्च मारला. "क्रँकचं सील. हे असं काठाला काठ लागून बसायला पाहिजे. हे वर राहिलंय. आधी कुणीतरी अर्धवट ठोकून सोडलंय." मी वाकून पाहिलं. क्रँक म्हणजे इंजिनाचा फिरणारा मुख्य दांडा, आणि त्याच्या टोकाभोवती तेल अडवायला बसवलेलं काळ्या रबराचं ते कडं आपल्या खोबणीतून खरंच जरासं बाहेर डोकावत होतं. "हो ना," मी म्हणाले आणि मान डोलावली. तेवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण मी पुढे म्हणाले, "लोक काहीही करतात." त्यानं सीलवर पाइपचा तुकडा धरला, हातोडीचे दोन ठोके घातले, आणि सील गुमान आत जाऊन काठाला काठ लावून बसलं.

ते "लोक" म्हणजे माझे अण्णा.

या गाडीच्या इंजिनाला पुढच्या बाजूनं त्यांच्याशिवाय कुणी हात लावलेला नाही, हे मला ठाऊक होतं. १९९९ साली घेतलेली मारुती ८००, कार्बोरेटरवाली, तीन सिलिंडरची, ७९६ सीसी. कंपनीनं २०१४ च्या जानेवारीत ही गाडी बनवणं बंद केलं, पण आमच्या घरी ती बातमी कुणी मनावर घेतली नाही. मग मी मान का डोलावली? खरं सांगायचं तर गॅरेजमध्ये उभ्या राहिलेल्या बाईला तिथं दोनच भूमिका मिळतात. एक, साहेबांना फोन लावून देणारी. दुसरी, "मला यातलं कळतं" हे सिद्ध करायला निघालेली. मला दुसरी हवी होती, आणि ती मिळवायला मी बापाला दोन सेकंदांत अडाणी ठरवून मोकळी झाले. नाव न घेता ठरवलं, एवढीच काय ती सोय. गाडी घेऊन घरी येताना मला याचं काही वाटलंही नाही. वाटायला लागलं ते महिन्याभरानं, पार्किंगमधल्या पांढऱ्या फरशीवर पहिला काळा डाग दिसला तेव्हा.

तेलाचा डाग हा सोसायटीत गुन्हाच असतो. मी खाली पुठ्ठा अंथरला. रोज सकाळी वाकून पुठ्ठा बघायचा, डाग मोजायचे. आधी रुपयाएवढा, मग बशीएवढा. अण्णांना फोन केला. त्यांनी गळतीचं काही विचारलंच नाही, आधी म्हणाले, "ब्रीदर बघितलास काय?" इंजिनाच्या पोटात साठणारी वाफ आणि धूर बाहेर काढणारी नळी तुंबली की आतला दाब वाढतो, आणि मग चांगलं सीलसुद्धा बिचारं तेल धरू शकत नाही. नळी काढून फुंकून पाहिली. साफ होती. "मग वरनं येतंय का बघ. धू आनि पावडर मार." रविवारी इंजिनाची पुढची बाजू ब्रश आणि डिझेलनं धुतली, चिंधीनं कोरडी केली आणि लेकीच्या पावडरीचा डबा तिच्यावर उपडा केला. पाचच मिनिटं गाडी चालू ठेवली. वरचं झाकण पांढरं, वरच्या दुसऱ्या दांड्याचं, कॅमचं, सील पांढरं, आणि तळाशी पुलीच्या मागून त्या पांढऱ्यातून उतरत गेलेली एकच ओली वाट. लॅव्हेंडरचा आणि जळक्या तेलाचा मिळून जो वास येतो, तो अजून माझ्या नाकातून गेलेला नाही.

पुण्यात हे काम करायला जागा नव्हती आणि परत त्या गॅरेजमध्ये जायला तोंड नव्हतं. नवरात्राची सुट्टी लागली होती. मागच्या सीटवर तेलाचा डबा टाकला आणि कोल्हापूरची वाट धरली. कराडला थांबून डिपस्टिक पाहिली, पावशेर तेल घातलं, चहा घेतला, पुन्हा पाहिली. ही गाडी ऐंशीच्या वर नेली की तक्रार करते, त्यामुळे हायवेवर सगळं जग आपल्याला मागं टाकून जातंय हे शांतपणे बघत बसावं लागतं. पंचगंगेचा पूल आला की माझ्या जिभेचं काहीतरी होतं. पुण्यात मी "येते, जाते, करते" असते, इकडे शिरलं की "येतो, जातो, करतो." आमच्याकडे बायका असंच बोलतात. नवरा पंधरा वर्षं हसतोय, हसू दे.

अण्णांनी उमेदीची सगळी वर्षं कोल्हापूरच्या उद्यमनगरात क्रँक घासण्यात घालवली. क्रँक ग्राइंडिंग. ऑइल इंजिनांच्या, ट्रॅक्टरच्या, ट्रकच्या क्रँक यायच्या. झिजलेल्या, ओरखडलेल्या, काही तर तेल संपल्यावरही तशाच पळवल्यामुळे निळ्या पडलेल्या. ते त्यांना दगडावर लावून दहा थाउ, वीस थाउ उतरवायचे आणि आरशासारख्या करून परत पाठवायचे. थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. केसाच्या जाडीच्या निम्माही नाही. घरात वाढदिवसाच्या तारखा आईच्या डोक्यात असायच्या आणि थाउ अण्णांच्या. लहानपणी जेवणाच्या ताटाच्या काठावरून ते अंगठ्याचं नख फिरवायचे, तेव्हा आई म्हणायची, "ते ताट आहे, क्रँक नव्हे." मोजमापाची हत्यारं त्यांच्याकडे सगळी होती, पण पहिला निकाल नखाचा. नख अडलं की काम बाकी आहे. नख सरळ गेलं की मायक्रोमीटर काढायचा. मला मशीनजवळ त्यांनी कधी जाऊ दिलं नाही, ओढणीचं कारण सांगायचे. नटबोल्ट रॉकेलमध्ये धुऊन द्यायचं काम मात्र माझं. माझ्या दहावीच्या वह्यांना रॉकेलचा वास यायचा.

आता ते चौऱ्याहत्तरचे आहेत. मोतीबिंदू निघालाय, उजवा हात थरथरतो. आणि गोष्टी सुटतात. जेवण झालंय का, गोळी घेतली का, मागच्या आठवड्यात कोण येऊन गेलं. जुनं आठवतं म्हणावं, तर त्यातलंही मधलं मधलं पुसट झालेलं.

सप्तमीला सकाळी काम काढलं. गाडी अंगणात नारळाखाली घेतली, जॅक लावला, खाली घोडी, म्हणजे लोखंडी टेकू, दिली, आणि काढलेलं चाकसुद्धा पत्र्याखाली सरकवलं. जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालायचा नाही हा अण्णांचा नियम, आणि तो मोडला तर ते कामच थांबवतात. बॅटरीची तार काढली. आल्टरनेटरचा पट्टा उतरला. मग आला तो पुलीमागचा मधला बोल्ट. याची गंमत अशी की तो फिरवायला जावं तर सगळं इंजिनच त्याच्याबरोबर फिरतं. त्यावर साधा उपाय म्हणजे गाडी टॉपच्या गिअरमध्ये घालायची आणि कुणीतरी आत बसून ब्रेक दाबून धरायचा. म्हणजे चाकं क्रँकला धरून ठेवतात. कुणीतरी म्हणजे अण्णा. दोन्ही गुडघ्यांवर हात ठेवत, देवाचं नाव घेत ते ड्रायव्हरच्या सीटवर बसले. किती दिवसांनी बसले होते कोण जाणे. हात आपसूक आरशाकडे गेला आणि त्यांनी तो आपल्या उंचीला नीट करून घेतला.

"दाबलाय काय?"

"दाबलाय की. तू पाइप घातलास काय गोटी पान्याला?"

घातला होता. हातभर लांबीचा. सगळं वजन त्यावर टाकलं, तरी काही नाही. पुन्हा टाकलं. आतून अण्णांचा आवाज आला, "झटका दे गं, लाडीगोडी नको." तिसऱ्यांदा कट्ट असा आवाज झाला आणि मी पार्श्वभागावर आदळले. मला वाटलं बोल्ट तुटला. सुटला होता. मान वळवून पाहिलं तर अण्णा काचेतून हसत होते आणि पाय अजून ब्रेकवरच होता. "सोडा आता," म्हटलं तर म्हणाले, "थांब, बघू दे बरं वाटतंय."

पुढचं काम नाजूक, म्हणून सावकाश. खुणा जुळवून घेतल्या. बेल्टच्या आणि चाकाच्या दातांवर लाल नेलपॉलिशनं टिंब दिलं, मोबाइलवर फोटो काढला. बेल्ट सैल करून उतरवला, क्रँकवरचं दातेरी चाक ओढलं, ते चाक क्रँकवर निसटू नये म्हणून खोबणीत बसवलेली इवलीशी पट्टी, तिला चावी म्हणतात, पडून गवतात गेली आणि अर्धा तास ती शोधण्यात. मग सील समोर. ते काढताना स्क्रूड्रायव्हर खुपसून उचकटायचा मोह होतो, आणि तिथंच माणसं फसतात. स्क्रूड्रायव्हरचं टोक क्रँकला लागलं आणि एक ओरखडा उठला, की त्यावर नवं कुठलंही सील टिकत नाही. मी सीलच्या पत्र्यात दोन बारीक भोकं पाडली, त्यात दोन स्क्रू दोन-दोन आटे पिळले आणि पक्कडीनं आळीपाळीनं ओढले. सील निघालं. तळहातावर घेतलं तर शंभर-सव्वाशे रुपयांची वस्तू, आत धाग्याएवढ्या तारेची गोल स्प्रिंग, आणि ओठ. त्याला ओठच म्हणतात.

हा ओठ तेल अडवतो असं आपण म्हणतो, पण तो क्रँकला घट्ट चिकटून नसतो. दोघांमध्ये तेलाचाच एक पापुद्रा असतो, आणि त्यावरच ओठ तरंगतो. अगदीच कोरडा राहिला तर जळून जाईल. इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असलं तर क्रँक ओठाखालून सेकंदाला पन्नास वेळा जाते. अशी वर्षं जातात. रबर मऊ आणि पोलाद कडक, तेव्हा रबरच झिजेल असं कुणालाही वाटेल. पण ओठाखाली बारीक धूळ अडकते, आणि हळूहळू पोलादालाच गोल चर पडत जातो. आडाच्या काठावरच्या दगडाला दोरानं खाचा पडलेल्या असतात, तशा. मग नवं सील आणून जुन्याच जागी बसवलं की नवा ओठ थेट त्या चरात उतरतो आणि तेल झिरपायला लागतं.

मी क्रँकचं टोक चिंधीनं पुसलं. टॉर्च तिरका धरला.

दोन रेघा होत्या.

एक आतली, खोल, काळपट. दुसरी तिच्या बाहेरच्या अंगाला, फिकट, नव्या अंगठीसारखी चकचकीत. पहिली कंपनीतून आलेल्या सीलची, काठाला काठ लावून बसवलेल्या. दुसरी अण्णांनी बसवलेल्या सीलची. मी मातीतच बसले. २००९ च्या सुमाराची एक दुपार आठवली. मी सुट्टीला घरी आले होते, अण्णा दोन वाजले तरी जेवायला येईनात, आणि आले ते शर्टाच्या खिशात व्हर्नियर, म्हणजे बारीक मापं घ्यायची सरकती पट्टी, घेऊनच. आईनं त्याच्यावरूनही बोलून घेतलं. गाडीचं सील बदलायला व्हर्नियर कशाला, हा प्रश्न तेव्हा माझ्या डोक्यात आला नाही. सील त्यांनी मोजून बाहेर ठेवलं होतं. ओठ जुन्या चरात पडू नये, कोऱ्या पोलादावर चालावा म्हणून. मागच्या पत्र्याला घासत नाही ना हेही बघितलं असणार. पुण्यात त्या पोरानं दोन ठोक्यांत ते परत जुन्या चरात नेऊन बसवलं, आणि मी शेजारी चहा पीत मान डोलावत होते.

अण्णा खुर्ची ओढून जवळ आले होते. मी विचारलं, "अण्णा, हे सील तुम्ही बाहेर ठेवून बसवलं होतं न्हवं?"

"कवा?"

"मागं. दोन हजार नऊला."

त्यांनी बराच वेळ सीलकडे बघितलं. "मी बसवलं होतं?" मग मान हलवली. "बाहेर होतं म्हणतीस? मग कुणीतरी अर्धवट बसवलं असंल."

या वेळी मी मान डोलावली नाही. काही बोलताही आलं नाही. त्यांचा थरथरता हात धरला आणि क्रँकवर नेऊन ठेवला. अंगठ्याचं नख पोलादाला टेकलं, आणि हात थरथरायचा थांबला असं मी म्हणणार नाही, तो थरथरतच होता. पण नख सरळ रेषेत सरकत गेलं. अडलं. पुढे गेलं. पुन्हा अडलं, जरा हलकं.

"दोन हायत," अण्णा म्हणाले. आणि जरा वेळानं, "साठ थाउ अंतर असंल."

व्हर्नियर लावून पाहिलं. दीड मिलिमीटर. साठ थाउ म्हणजे तेच.

"मधी घाल. तीस," ते म्हणाले आणि चहाचं विचारायला आत गेले.

इथून पुढे सगळं सरळ व्हायला हवं होतं, पण गोष्टी माझ्या हातात असल्यावर तसं होत नाही. नवं सील मी पुण्याहूनच आणलं होतं. ओठाला तेल लावलं. हल्ली काही सील टेफ्लॉनची येतात, ती कोरडीच बसवायची असतात. हे साधं रबराचं, याला तेल हवं. अष्टमीला संध्याकाळी ते क्रँकवर सरकवलं आणि चावीच्या खाचेची धार ओठात शिरली. गवताचं पातं बोटाला कापतं तशी बारीक चीर. अशा वेळी क्रँकच्या टोकाला आधी प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळायची असते, आणि हे मला माहीत होतं, हे लिहिताना आणखी लाज वाटते. आठ वाजून गेले होते, उद्यमनगरातली दुकानं बंद. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी.

खंडेनवमीला आमच्या घरी हत्याराला हात लावत नाहीत. सकाळी आईनं पाटावर धुतलेलं वस्त्र घातलं, अण्णांनी त्यावर नटबोल्ट फिरवायचे पाने मांडले. दहा-अकरा, बारा-तेरा, चौदा-पंधरा, क्रमानं. मग मायक्रोमीटर, मग व्हर्नियर. सगळ्यांना हळदकुंकू, झेंडूचं एकेक फूल. अंगणात गाडी एक पाय काढून घोडीवर उभी, पोट उघडं, आणि आईनं तिलाही हार घातला. शेजारच्या काकू प्रसादाला आल्या, म्हणाल्या, "हिचं ऑपरेशन चाललंय होय?" दिवसभर कुणालाच काही करता येत नव्हतं. अण्णा खुर्चीत बसून गाडीकडे बघत होते. मधेच मला हाक मारून म्हणाले, "तीस सांगितलं न्हवं मी?" सकाळचं जेवण त्यांना आठवत नव्हतं.

दसऱ्याच्या सकाळी एका ओळखीच्या दुकानाचं शटर मुहूर्ताला अर्धं वर होतं. वाकून आत गेले, सील घेतलं, सुट्टे पैसे नव्हते, दुकानदार म्हणाले, "राहू दे गं, सोनं द्यायला ये संध्याकाळी." घरी येऊन व्हर्नियर पाटावरून उचलला. दांडीवर कुंकू होतं, ते पुसलं नाही. या वेळी दुधाच्या पिशवीचा तुकडा क्रँकवर गुंडाळला आणि सील त्यावरून अलगद आत घेतलं. बरोबर मापाचा पाइपचा तुकडा लावून हलके ठोके. एक ठोका, चारी बाजूंनी माप. एक ठोका, माप. सील एका बाजूला पाव मिलिमीटरही कललेलं चालत नाही. पाऊण मिलिमीटर बाहेर राहिलं तेव्हा हातोडी खाली ठेवली. अण्णांनी डोळ्यानं पाहिलं आणि काही बोलले नाहीत. त्यांच्या बोलीत याचा अर्थ "ठीक आहे" असा होतो.

बाकीचं चढवायला तासभर. लाल टिंबाला लाल टिंब, हातानं इंजिनाचे दोन पूर्ण फेरे फिरवून खुणा पुन्हा जुळल्या. बोल्ट आवळायला पुन्हा अण्णा ब्रेकवर. माझ्याकडचा टॉर्क रेंच त्यांनी उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "हे सांगतंय होय आवळलं म्हणून? मग आपल्याला काय काम?" गाडी पहिल्या चावीला चालू झाली नाही, दुसऱ्या चावीला झाली. संध्याकाळी तिला पुन्हा हार, चाकाखाली लिंबू, चाकाजवळ आईची पणती. आपट्याची पानं घेऊन आम्ही तिघं दसरा चौकाकडे निघालो, गर्दीत अडकलो आणि अर्ध्या वाटेतून परत आलो. रात्री मी गाडीखाली पुठ्ठा अंथरला, कोरी बाजू वर करून.

त्या पोराला फोन करावा असं दोनदा वाटलं. काय सांगणार? त्याचं चुकलं असं म्हणायचं तर पुस्तकात काठाला काठच लिहिलंय. आणि माझं जे चुकलं ते त्याच्या कामाचं नाही. अण्णांनाही सांगितलेलं नाही. त्यांना आठवत नसलेल्या कामाची माफी त्यांच्याकडे कशी मागतात, हे मला उमगलेलं नाही.

सकाळी उठून बाहेर आले तर अण्णा माझ्याआधी अंगणात. पुठ्ठा त्यांनी ओढून काढला होता आणि उजेडाकडे धरला होता. कडेला एक डाग होता, बोराएवढा. माझ्या पोटात खड्डा पडला. अण्णांनी त्यावर बोट टेकवलं, अंगठ्याशी चोळलं, नाकाजवळ नेलं.

"गोडंतेल हाय," ते म्हणाले. "तुझ्या आईची पणती."

मग पुठ्ठा उलटा करून परत गाडीखाली सरकवला. "आठ दिवस राहू दे तरी."